येरवड्याच्या मॅडम

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीत व्यसन म्हटलं की दारू नाहीतर तंबाखू. गर्द हा शब्द गावात कधी ऐकला नव्हता. होस्टेलला आल्यावर मात्र खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या, त्याही खोकला नसलेल्यांच्या खोलीत! त्याच सुमारास अनिल अवचटांचं गर्द हे पुस्तक हाती पडलं, आणि त्यातून त्यांच्या पत्नीपर्यंत पोचलो. अवचट लेखक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून मी लिहितोय डॉ. अनिता अवचटांवर.

अवचटांच्या लिखाणातली सुनंदा ती हीच. दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. नवऱ्याने डॉक्टरकी बाजूला ठेवून लिहायचं ठरवलं, तेव्हा घर चालवायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं. (आजही किती घरांत हे चालेल, शंकाच आहे.) पुढे त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ झाल्या.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. अवचटांचे त्यावरचे लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पैसे आले, पण केंद्र चालवणार कोण? मॅडमनी ते अंगावर घेतलं. २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

आता थोडं आपल्या भाषेत. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉईन, आणि गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉईन चक्क खोकल्यावर विकायला काढलं होतं! खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन त्याच कुळातलं. वेदना शमवणारी रसायनं शरीर स्वतःच बनवतं. ती मेंदूत जिथे बसतात तिथेच हे पाहुणे जाऊन बसतात. रोज बसले की सिस्टीमचा सेट पॉइंटच सरकतो. मग तेवढ्याने भागत नाही, डोस वाढतो. आणि बंद केलं की टर्की लागते: नाक-डोळे गळतात, जुलाब, हाडं ठणकणं, झोप नाही. माणूस नंतर मजेसाठी घेत नाही, ही टर्की टाळायला घेतो.

टर्की काही दिवसांत उतरते. खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि मॅडमचं मोठेपण मला इथे दिसतं. शरीर साफ झालं म्हणजे माणूस सुटला असं त्यांनी मानलं नाही. व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, हे धरून काम चाललं. मुक्तांगणात बरे झालेलेच नव्यांचे आधार बनले. पेशंटच्या बायकांसाठी सहचरी गट निघाला, कारण मार, कर्ज आणि लाज त्यांच्याच वाट्याला आलेली. पुन्हा घसरलेल्यालाही दार बंद नव्हतं. घसरणं हा आजाराचाच भाग, आणि ते जीवघेणं असतं: मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस श्वास थांबवू शकतो.

मॅडमना स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार आणि काम बरोबरीने चालू राहिलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्या गेल्या. मुक्तांगण पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळलं.

त्यांच्यानंतर उपचारही पुढे गेले. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर ओढ आणि टर्की आटोक्यात राहते. हे म्हणजे एका नशेऐवजी दुसरी नशा, असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. डोस जास्त होऊन श्वास मंदावला तर नॅलोक्सोन जीव वाचवतं, फक्त वेळेत दवाखान्यात न्यायला हवं. घाबरून रूमला कडी लावून बसू नका. पोरं पेनकिलर म्हणून मागतात ते ट्रॅमाडॉलसुद्धा याच घराण्यातलं, २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे.

व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. रेक्टरला सांगायची लाज वाटत असेल तर आधी तिथे बोला.