क्षणाचा वेग कसा मोजायचा? भास्कराचार्यांनी ११५० सालीच गणित मांडलं होतं

दादरहून सुटलेल्या लोकलचा फोटो काढा. फोटोत गाडी उभीच दिसते. पुढच्या फोटोतही उभीच. मग प्रत्येक क्षणी उभी असलेली गाडी परळला पोचते कशी?

हे कोडं मूळचं झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाचं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. त्यानं लोकलऐवजी बाण घेतला आणि गती हा भास आहे असं मांडलं.

एका क्षणाला वेग असतो का, या प्रश्नाला आपल्याकडे भास्कराचार्यांनी हात घातला. पण त्यांचं कारण वेगळं होतं.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड. ते नेमकं कुठलं, यावर आजही वाद आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

अडचण तिथीची होती. चंद्राचा वेग सतत बदलतो. दिवसाची सरासरी धरली, तर तिथी संपण्याची वेळ चुकते. म्हणून त्यांनी त्या क्षणाचाच वेग काढला. नाव दिलं तात्कालिक गती. मोटरमनसमोरचा काटा दाखवतो, तसाच हा वेग. न्यूटन आणि लायब्निट्स यांचं कॅल्क्युलस यायला अजून पाचशे वर्षं होती. भास्कराचार्यांकडे ते पूर्ण नव्हतं, पण त्याचं बीज इथे दिसतं.

अनंतालाही त्यांनी सोडलं नाही. शून्यानं भागून येणाऱ्या राशीला ते खहर म्हणत. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती तेवढीच राहते. आजचं गणित शून्यानं भागू देत नाही, त्यामुळे खहराचे त्यांचे सगळे नियम आता चालत नाहीत.

६९ व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला.

पुढे नातू चांगदेवानं चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तो लेख अभ्यासकांसमोर आणला १८६५ मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरनं. त्यांचं नाव भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे.