थिबा राजाची थोरली लेक

जपानची राजकन्या माको हिने २०२१ साली एका सामान्य घरातल्या तरुणाशी लग्न केले आणि राजघराण्याचा उंबरठा कायमचा ओलांडला. तिकडचा कायदाच तसा आहे. मुलीने बाहेर लग्न केले की पद जाते, आणि जाताना सरकार मोठी रक्कम देते. तिने ती रक्कमही घेतली नाही. बातमी वाचली आणि मला रत्नागिरीची राजकन्या आठवली. तिच्या वाट्याला ना कायदा आला, ना असा रीतसर निरोप.

भंडाऱ्याहून रत्नागिरी म्हणजे राज्याचे दुसरे टोक. आमच्याकडचे लोक तिकडे गेले की समुद्र बघतात, गणपतीपुळ्याला जातात आणि वेळ उरला तर थिबा पॅलेस. मीही तसाच उरलेल्या वेळात गेलो होतो. राजाबद्दल बरेच ऐकायला मिळाले. त्याच्या मुलींबद्दल मात्र कुणी फारसे बोलले नाही.

थोरलीचा जन्म १८८० साली मंडालेच्या राजवाड्यातला. १८८५ च्या अखेरीस इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, थिबा आणि राणी सुपायालत यांना आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. पाच-सहा वर्षांच्या पोरीला राज्य गेले म्हणजे काय, हे कितपत कळले असेल? तिचे बालपण, तारुण्य, सगळे कोकणच्या पावसातच गेले.

मुली वाढल्या, पण लग्ने होईनात. राजाला जावई हवा होता राजरक्ताचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी ब्रह्मदेशात स्थळांची चौकशी केली, पण जमेना. इथे मला एक गोष्ट राहून राहून टोचते. थिबा गादीवर आल्यावर, १८७९ साली, गादीला धोका नको म्हणून त्याचे कित्येक भाऊबंद मारले गेले होते. पुढे लेकींसाठी जी स्थळे शोधायची, ती घराणीच बापाच्या राज्यारोहणात कापली गेली होती!

अशा बंद घरात थोरलीचे मन जडले ते गोपाळ सावंत या दरवानावर. तो घरसंसारी, बायकोमुलांचा माणूस. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. तेव्हाच्या रत्नागिरीत काय कुजबूज झाली असेल, ते कुणाही आईबापाला सांगायला नको. सरकारलाही पंचाईत पडली. १९१० मध्ये नवा राजवाडा तयार झाला, कुटुंब तिथे राहायला गेले. घर मोठे झाले, पण कोंडी तीच राहिली.

धाकट्या बहिणीने वेगळी वाट धरली. दुसऱ्या राजकन्येने राजाच्या चाकरीतल्या एका ब्रह्मी तरुणाशी लग्न करायचे ठरवले, आणि बाप नाही म्हणाला तेव्हा घर सोडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९१६ मध्ये, थिबा वारला. ती पुढे कालिम्पाँगला संसार करून राहिली. तिला निदान नवऱ्याचे नाव मिळाले.

१९१९ मध्ये राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली. थोरलीही गेली. मला वाटते, तिची खरी निवड इथे आहे. मायदेश होता, आई होती, राजकन्या म्हणून मान होता. तरी ती रत्नागिरीला परत आली. कौलारू घरांच्या, मराठी बोलणाऱ्या त्या गावात तिने उरलेले आयुष्य काढले, हलाखीत काढले, आणि १९४७ साली तिथेच डोळे मिटले.

लोक याला प्रेमापायी झालेला नाश म्हणतात. मला ते पटत नाही. तिने किंमत ओळखून दिली असेल. पण टूटूला कुणी विचारले? राजाची नात मराठीच बोलत वाढली, रत्नागिरीतच एका कष्टकरी माणसाशी तिचे लग्न झाले. शेणाच्या गोवऱ्या थापून, कागदाची फुले करून तिने घराला हातभार लावला. गावाला ती परकी कधीच वाटली नाही. २००० साली ती गेली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास रत्नागिरीला आले, थिबाच्या समाधीवर फुले वाहिली आणि राजाच्या वंशजांना भेटले. तेव्हा टूटूला जाऊन बारा वर्षे झाली होती.