रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस

नाना फडणवीस किंवा सवाई माधवराव पेशवे यांचीं चित्रें पाठ्यपुस्तकांत पाहतांना तीं आपणांपर्यंत कशीं येऊन पोहोंचलीं, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत क्वचितच येतो. त्या काळीं छायाचित्रणाची कला निघाली नव्हती. चित्रकाराच्या हातचें चित्र एकच असे. त्याच्या प्रती व्हाव्या म्हणून यूरोपांतील कारागीर तें तांब्याच्या पत्र्यावर कोरीत, कोरलेल्या भागांत शाई भरीत आणि वर ओलसर कागद घालून यंत्रांत दाबून काढीत. अशीं जुनीं चित्रें, दप्तरें व हस्तलिखितें मिळवून जतन करण्यांत ज्या पुरुषानें आपलें आयुष्य वेचलें, त्याचें चरित्र बालवाचकांनीं अवश्य जाणावें.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० रोजीं झाला. सातारा हीच त्यांची कर्मभूमि. दरबारांतील फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. हें आडनांवच जणूं त्यांच्या पुढील कार्याची खूण होती. विश्वविद्यालयाची पदवी त्यांस नव्हती. परंतु विद्येची आवड पदवीची वाट पाहत नाहीं. १८८७ सालीं, वयाचीं सतरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, त्यांनीं 'महाराष्ट्र कोकिळ' नांवाचें मासिक सुरू केलें. १८९४ सालीं त्यांनीं लिहिलेलें झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र प्रसिद्ध झालें. राणीला रणांगणीं पडून तेव्हां अवघीं छत्तीस वर्षें झालीं होतीं, आणि राज्य इंग्रजांचेंच होतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या तरुणाच्या धैर्याची कल्पना येते.

पुढें त्यांनीं संग्रहाचें व्रत घेतलें. वाईजवळील मेणवली येथील नाना फडणविसांचें दप्तर त्यांच्या हातीं आलें. १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिकांतून ते जुने कागद लोकांपुढें मांडूं लागले. मुंबईचे कलासंग्राहक पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्यासह त्यांनीं सनदापत्रांचा ग्रंथ १९१३ सालीं संपादिला. किंकेड नामक इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजींत सिद्ध केला. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जुन्या पुण्याविषयींच्या इंग्रजी पुस्तकांत चित्रांनाही मानाचें स्थान आहे.

चित्र आणि कागद एका ठिकाणीं असण्याचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पेशव्यांशीं इंग्रजांचा तह १७९० सालीं झाला. त्या दरबाराचें मोठें चित्र टॉमस डॅनियल यानें विलायतेंत १८०५ सालीं पुरें केलें व चार्ल्स टर्नर यानें तें १८०७ सालीं पत्र्यावर उतरवून छापलें. मूळ रेखाटनें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचीं. परंतु वेल्स मुंबईस उतरला १७९१ सालीं! म्हणजे दरबार त्यानें पाहिला नव्हता, डॅनियलनेंही पाहिला नव्हता. मात्र वेल्सनें पुण्यास राहून पेशवे व नाना यांचीं चित्रें प्रत्यक्ष पाहून काढलीं होतीं. यास्तव त्या चित्रांतील चेहरे बरेच विश्वसनीय, पण प्रसंगाची मांडणी कल्पनेची. हा विवेक केवळ चित्राकडे पाहून होत नाहीं. त्यास तारखांचे कागद लागतात.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, हेंही महाराष्ट्रानें अनुभविलें आहे. इब्राहिमखान नांवाच्या एका सरदाराचें चित्र शिवछत्रपतींचें म्हणून पुष्कळ वर्षें घरोघरीं पूजिलें जात होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं छत्रपतींचें अस्सल चित्र शोधून १९३३ सालीं तें लोकांपुढें ठेवलें, तेव्हां हा भ्रम फिटला. भक्ति खरी होती, परंतु चेहरा दुसऱ्याचा होता.

पारसनिसांनीं जमविलेलें धन आपल्या घरांत कोंडून ठेवलें नाहीं. त्यांच्या संग्रहासाठीं साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय झालें; तें १९२५ सालीं सुरू झालें. पुढच्याच वर्षीं, ३१ मार्च १९२६ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. १९३९ सालीं तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आला, आणि तेथें अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांना त्याचा लाभ झाला. धन्यानें सोंपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचा प्रभु येशूचा दृष्टान्त आपण शाळेंत ऐकतों. पारसनिसांनीं आपलें द्रव्य पुरलें नाहीं. तें वाढवून सर्वांच्या हवालीं केलें.

विद्यार्थीमित्रहो, सातारा आपल्या उमरखेडाहून फार दूर आहे. पण जुनी पेटी, जुना कागद आणि जुनें चित्र पैनगंगेच्या कांठच्या घरांतही सांपडतें. दिवाळीची झाडलोट करतांना त्यांची रद्दी होऊं देऊं नका. चित्र कोणाचें, कोणीं काढलें, घरांत केव्हां आलें, हें आजी-आजोबांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा व तो चित्राबरोबर ठेवा. पालकांनींही मुलांच्या या प्रश्नांचा कंटाळा करूं नये. सांगणारा माणूस गेला म्हणजे चित्र राहतें, परंतु चित्रांतल्या माणसाचें नांव त्याच्याबरोबर जातें.