प्रायश्चित्त-मंदिरांतील राजा

पॅरिस शहरीं जाणाऱ्या यात्रिकास मादलेनच्या भव्य ख्रिस्तमंदिरापासून थोड्याच अंतरावर, एका लहानशा बागेंत, घुमटाचें एक शांत चॅपेल आढळतें. त्याचें नांव प्रायश्चित्त-मंदिर. आंत संगमरवरी पुतळा आहे: आकाशाकडे दृष्टि लावलेला राजा व त्याला आधार देणारा देवदूत. हा फ्रान्सचा राजा सोळावा लुई होय.

लुईचा जन्म २३ ऑगस्ट १७५४ रोजीं व्हर्साय येथें झाला. वयाचीं वीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, १७७४ सालीं तो गादीवर आला. तो स्वभावानें भिडस्त, भाविक व प्रजेचें हित इच्छिणारा होता. परंतु खजिना रिकामा, प्रजा भुकेली आणि राजाच्या अंगीं निश्चयाची उणीव! १७८९ सालीं राज्यक्रांतीचा वणवा पेटला.

१७९० सालीं राष्ट्रसभेनें धर्मगुरूंस सरकारचे नोकर बनविणारा कायदा केला. मनास न पटतांहि लुईनें त्याला संमति दिली. हें शल्य त्याला अखेरपर्यंत बोंचत राहिलें. पुढील वर्षीं पॅरिसमधून निसटतांना तो वारेन येथें पकडला गेला व लोकांचा विश्वास गमावून बसला. तरी १७९२ सालीं, शपथ नाकारणाऱ्या धर्मगुरूंना हद्दपार करण्याच्या ठरावास त्यानें नकार दिला. जून महिन्यांत जमाव राजवाड्यांत घुसला. पण राजा ढळला नाहीं.

त्याच वर्षीं राज्य गेलें, तुरुंग नशिबीं आला. नाताळच्या दिवशीं त्यानें मृत्युपत्र लिहिलें. त्यांत त्यानें त्या संमतीबद्दल देवाजवळ क्षमा मागितली, शत्रूंना क्षमा केली आणि आपल्या मुलानें कधीं राज्य मिळाल्यास सूड घेऊं नये, अशी आज्ञा केली. २१ जानेवारी १७९३ रोजीं पहांटे मिस्सा ऐकून व पवित्र कम्युनियन स्वीकारून तो वधस्तंभाकडे गेला. आयरिश धर्मगुरु एजवर्थ शेवटपर्यंत त्याच्या सोबतीस होते.

त्याचें शव मादलेनच्या दफनभूमींत चुन्याखालीं पुरलें गेलें. १८१५ सालीं त्याच दिवशीं अवशेष सेंट डेनिसच्या मंदिरांत नेण्यांत आले. आणि मोकळ्या झालेल्या त्या भूमीवर त्याचा भाऊ अठरावा लुई यानें हें चॅपेल आरंभिलें. तें १८२६ सालीं पूर्ण झालें. तळघरांतील काळ्या-पांढऱ्या संगमरवराची वेदी जुन्या कबरेची जागा दाखविते. पुतळ्याच्या बैठकीवर राजाचा पराक्रम कोरलेला नाहीं; कोरलें आहे तें त्याचें मृत्युपत्र.

वाचकहो, भीतीपोटीं नको तेथें मान डोलविण्याचा प्रसंग आपणांवरहि येतो. चूक कबूल करून पुढच्या वेळीं ठाम उभें राहण्याचें बळ प्रभु आपणांस देवो.