आपल्या तालुक्यातल्या तरखडचे दादोबा : इंग्रजी शिकले आणि मराठीला व्याकरण दिलं

जूचंद्र : दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मुलं इंग्रजी शब्दांच्या लांबच लांब याद्या पाठ करताना दिसतात. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, पुन्हा समानार्थी. पेपर झाला की निम्मी यादी विसरली जाते. मराठी माध्यमातल्या पोरांना तर वाटतं, इंग्रजी आपल्याला जमणारच नाही. अशा वेळी आपल्याच वसई तालुक्याशी नातं असलेल्या एका माणसाची आठवण करून द्यावीशी वाटते. ते म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर.

हे घराणं मूळचं वसईजवळच्या तरखड गावचं. जूचंद्र रेल्वेच्या पूर्वेला, तर तरखड पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात. गावावरूनच आडनाव पडलं. दादोबांचा जन्म मात्र मुंबईत झाला, ९ मे १८१४ रोजी. पेशवाई अजून बुडायची होती आणि मुंबईत इंग्रजी शाळा नुकत्याच कुठे रुजणार होत्या. दादोबा त्या शाळांमधून शिकले, आणि इंग्रजीबरोबर संस्कृत आणि फारसीचाही अभ्यास केला.

त्या काळी हाताशी ना गाईड होतं, ना क्लास. इंग्रजीची पुस्तकं इंग्रजीतच असायची. दादोबांनी इंग्रजी व्याकरण नीट समजून घेतलं आणि मग त्यांच्या मनात आलं, की परक्या भाषेचे नियम आपण एवढे घोकतो, पण रोज बोलतो त्या मराठीचे नियम मराठीत सांगणारं चांगलं पुस्तक कुठे आहे? मराठीचं व्याकरण याआधी विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये छापलं होतं, पण ते इंग्रजीत, साहेब लोकांसाठी. दादोबांनी हे काम स्वतःच हाती घेतलं. १८३६ मध्ये त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून आलं. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त बावीस! पुढे या पुस्तकाच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, शाळेतल्या मुलांसाठी लहान व्याकरणही त्यांनी लिहिलं. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

दादोबांचं बरंचसं आयुष्य मास्तरकीत गेलं. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाला त्यांनी शिकवलं, मग मुंबईत शिकवलं, सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवलं. सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासोबत मानवधर्म सभा काढली. मुंबईला परतल्यावर शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. त्यामागे मुख्य प्रेरणा दादोबांचीच होती. जातिभेद मानायचा नाही, एकत्र बसून खायचं, हा तिचा नियम. पण समाजाच्या धाकाने हे सगळं गुपचूप चालायचं. वाळीत टाकलं तर घरच्यांचं काय, ही भीती प्रत्येकाला होती. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली.

१८५२ मध्ये ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथल्या भिल्लांचं बंड मोडल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केलं. आदिवासींच्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही, पण चरित्रातून ती गाळताही येत नाही.

धाकट्या भावांनीही नाव काढलं. भास्कर पांडुरंगांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर टीका केली. इंग्रजांची भाषा त्यांच्यावरच उलटवली. आत्माराम पांडुरंगांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत राहून आली होती. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर मुंबईत याच घरी राहिले, ते अन्नपूर्णेकडून इंग्रजी बोलणं शिकायला.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. आजोबांच्या पिढीने ज्यावर इंग्रजी गिरवलं, ती ‘भाषांतर पाठमाला’ अनेक जण दादोबांच्या नावावर टाकतात. ती आहे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. त्यात आधी शब्द, मग नियम, मग वाक्यं. इंग्रजीचं मराठी करायचं आणि मराठीचं इंग्रजी. शब्द सुटा राहत नाही, वाक्यात बसतो.

यादी पाठ करणाऱ्यांसाठी खरी गोष्ट इथेच आहे. मराठीत डोंगरही उंच आणि माणूसही उंच. इंग्रजीत चंडिकादेवीचा डोंगर ‘हाय’, पण माणूस ‘टॉल’. यादीत दोन्ही शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसतात, वाक्यात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. उलटंही होतं. इंग्रजीत घरही ‘ओल्ड’ आणि आजोबाही ‘ओल्ड’. आपण मात्र घराला जुनं म्हणतो आणि आजोबांना म्हातारे. म्हणून ‘ओल्ड’चे विरुद्धार्थी शब्द दोन. घरासाठी ‘न्यू’, माणसासाठी ‘यंग’. ज्याला जुना आणि म्हातारा यातला फरक कळतो, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

म्हणजे मराठी पक्कं असणं ही इंग्रजीतली अडचण नाही, ती शिडी आहे. पोरांनी वहीत नुसता शब्द न लिहिता त्याचं स्वतःचं एक वाक्य लिहावं, शेजारी मराठी वाक्य लिहावं. रोज पाच शब्द केले तरी वर्षाला अठराशेच्या वर होतात.

दादोबा १७ ऑक्टोबर १८८२ रोजी गेले. केकावलीवरची मराठी टीका आणि स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवरचं इंग्रजी पुस्तक, दोन्ही त्यांच्याच हातची. एक भाषा शिकण्यासाठी दुसरी सोडावी लागते, असं या माणसाला कधी वाटलं नाही. आपल्या मुलांनाही तसं वाटायचं कारण नाही.