पुरावा केव्हा पुरेसा होतो?

१३ डिसेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळले. व्याख्यानांच्या निमित्ताने भारतात आलेले थोर गणिती अब्राहम वाल्ड या अपघातात सपत्नीक मृत्यू पावले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते.

आज रुमानियात असलेल्या, परंतु त्या वेळी हंगेरीत मोडणाऱ्या क्लूझ या गावी १९०२ साली एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात वाल्ड जन्मले. शनिवारी शाळेत जाणे धर्माला संमत नव्हते. म्हणून त्यांचे शालेय शिक्षण घरीच झाले. १९३१ साली व्हिएन्ना येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठाची दारे त्यांना बंदच राहिली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि वाल्ड यांनी अमेरिका गाठली. मागे राहिलेले त्यांचे बहुतेक आप्त नाझी अत्याचारांना बळी पडले.

महायुद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांच्यापुढे दारूगोळ्याच्या तपासणीचा प्रश्न आला. ठराविक संख्येने नग तपासल्यावाचून निर्णय द्यावयाचा नाही, अशी रूढ पद्धत होती. वाल्ड यांनी १९४३ मध्ये ती मोडून काढली. प्रत्येक नगानंतर, माल वाईट असता तर असे निकाल येण्याची शक्यता किती आणि चांगला असता तर किती, यांचे गुणोत्तर काढावे. ते वरच्या मर्यादेपलीकडे गेले तर माल नाकारावा, खालच्या मर्यादेखाली उतरले तर स्वीकारावा. एरवी आणखी एक नग पाहावा.

या पद्धतीचा पाया मार्टिंगेल या कल्पनेत आहे. न्याय्य खेळात खेळाडूची अपेक्षित शिल्लक बदलत नाही; त्याचप्रमाणे माल चांगला असेल तर या गुणोत्तराची अपेक्षित किंमतही एकच राहते. म्हणूनच मर्यादा वीस ठेवली, तर तपासणी कितीही लांबली तरी चांगला माल नाकारला जाण्याची शक्यता विसात एकाहून अधिक नसते.

वाल्ड यांच्या पश्चात हा विचार फार पुढे गेला. संवेदकावर आदळणारे प्रकाशकण किंवा टेलिफोन केंद्रात येणाऱ्या हाका यांची मोजणी सलग वाढत नाही; ती अवचित एकेका अंकाची उडी घेते. येथे दोन उड्यांमधील शांतताही पुरावाच ठरते. अशा प्रक्रियांमध्ये संकेत ओळखणे आणि त्यानुसार यंत्रणेचे नियंत्रण करणे, यांसाठी बोएल, वरैया व वाँग यांनी १९७५ साली मार्टिंगेलचे सिद्धान्त मांडले. यांपैकी प्रवीण वरैया हे मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. संस्थेचे पदवीधर होते.

घाईने दिलेला निकाल जसा अन्याय करतो, तसाच वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेला निर्णयही करतो. कोणती चूक किती प्रमाणात सोसावयाची हे आधी ठरवावे आणि मगच पुरावा तोलावा, ही वाल्ड यांची शिकवण होय. ती गणितापुरती राहू नये.