लसूणघासावरचा मावा अन् भाऊसाहेबांची आठवण

लसूणघासावर मावा दिसला की आपण आधी पंप उचलतो. पण तो घास ढोरं खातात, त्यांचं दूध आपली लेकरं पितात. म्हणून आधी जाणत्याला विचारावं. शेतकऱ्यानं शिकलं पाहिजे, याच ध्यासात डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुखांचं आयुष्य गेलं.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. पुण्यात फर्ग्युसनला शिकले. विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, डॉक्टरेट मिळवली. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, खेड्यातली पोरं शाळा-कॉलेजात गेली. संविधान सभेत ते होते. १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खातं सांभाळलं. १० एप्रिल १९६५ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

२० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याला पुढं त्यांचंच नाव लागलं. बुलडाण्याचं कृषी विज्ञान केंद्रही याच विद्यापीठाचं.

घास कापणीला आला असेल तर फवारण्याऐवजी कापून घ्या, मावा बराच कमी होतो. मावा खाणारे ढालकिडे जपा. फवारलाच, तर तो घास लगेच ढोरांपुढं टाकू नका. किती दिवस थांबायचं ते केंद्रात विचारा. भाऊसाहेबांची खरी आठवण तीच.